सिस्प्लाटिन सोसत नसेल, तर रेडिएशनसोबत दुसरे औषध द्यावे का?

प्रश्न (सिंहगड रोड, पुणे):
माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. गालाच्या आतील कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांचे रेडिएशन आणि त्यासोबत दर आठवड्याला सिस्प्लाटिन हे किमोचे औषध सुरू झाले. दुसऱ्या डोसनंतर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) १.१ वरून १.९ वर गेले, कानांत सतत आवाज येऊ लागला आणि डॉक्टरांनी ते औषध बंद केले. आता नुसते रेडिएशन पूर्ण करणे, डोसिटॅक्सेल हे किमोचे दुसरे औषध देणे किंवा निमोटुझुमॅब हे महागडे इंजेक्शन देणे, असे तीन पर्याय त्यांनी समोर ठेवले आहेत. काकांचे म्हणणे आहे की महिनाभर सगळेच थांबवून बाबांच्या अंगात ताकद येऊ द्यावी. आई गुळवेलीचा काढा देऊ लागली आहे. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

प्रतिसाद १:
ताई, रेडिएशन थांबवण्याचा विचार तेवढा करू नका. यात मुख्य उपचार रेडिएशन आहे, किमो त्याला जोड म्हणून दिली जाते. मध्येच मोठा खंड पडला, तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला अवधी मिळतो.

पॅथॉलॉजीच्या अहवालात दोन नोंदी शोधा: कापलेल्या कडेवर रोग आढळला होता का, आणि मानेतील एखाद्या गाठीत तो आवरण भेदून बाहेर पडला होता का. युरोप व अमेरिकेतील ज्या दोन चाचण्या २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांच्या एकत्रित विश्लेषणात शस्त्रक्रियेनंतरच्या सिस्प्लाटिनचा स्पष्ट लाभ प्रामुख्याने अशाच रुग्णांत दिसला. दोन्ही नोंदी नसतील, तर नुसत्या रेडिएशनवर थांबणे हा पूर्ण उपचारच आहे. शिवाय वयानुसार किमोचा लाभ घटत जातो आणि सत्तरीनंतर तो जवळजवळ दिसत नाही.

प्रश्नकर्ती:
कडा स्वच्छ आहेत, परंतु एका गाठीत रोग आवरणाबाहेर गेल्याची नोंद आहे.

प्रतिसाद २:
म्हणजे जोड औषधाचा विचार करण्यास कारण आहे. नेमक्या याच अडचणीवर मुंबईच्या टाटा मेमोरियलने चाचणी केली. सिस्प्लाटिन देता येत नाही अशा ३५६ रुग्णांपैकी निम्म्यांना नुसते रेडिएशन आणि निम्म्यांना त्यासोबत आठवड्याला कमी मात्रेत डोसिटॅक्सेल दिले गेले. दोन वर्षांनी रोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या रेडिएशनमध्ये ३०.३ टक्के, तर डोसिटॅक्सेल घेतलेल्यांत ४२ टक्के होते. मात्र तोंड सोलवटण्याचा तीव्र त्रास सुमारे २२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांच्या घरात गेला. वडिलांचे वजन आताच घटत असेल, तर नाकातून नळी घालून आहार देण्याची तयारी आहे का, हे त्यांनाच विचारावे. इथे घरच्यांच्या बहुमताला फारसा अर्थ नाही.

निमोटुझुमॅबची भारतातील मोठी चाचणी सिस्प्लाटिनच्या जोडीने झाली होती, त्याच्याऐवजी नव्हे. त्या निष्कर्षावरून आपल्या वडिलांना किती लाभ होईल, हे सांगता येत नाही. औषध महाग आहे म्हणून अधिक गुणकारी असेल, ही समजूत मी अनेक कुटुंबांत पाहिली आहे आणि तिच्यापायी दागिने मोडलेलेही पाहिले आहेत.

प्रतिसाद ३:
काढ्याविषयी आईंना समजावून सांगणे आवश्यक आहे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे कोविडच्या काळात आपल्याकडच्याच डॉक्टरांनी नोंदवली आहेत, आणि डोसिटॅक्सेलचा निचरा प्रामुख्याने यकृतातून होतो. मूत्रपिंडाला त्या औषधाचा फारसा भार होत नाही, म्हणूनच ते इथे सुचवले गेले असावे. अशा वेळी यकृतावर दुसरा ताण आणणे योग्य नाही. सुरुवात करण्यापूर्वी यकृताची रक्ततपासणी होईलच, तेव्हा काढा किती दिवस घेतला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. तोंड दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेन परस्पर आणू नये, कारण त्याने क्रिएटिनिन आणखी चढू शकते. कानांची ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) आत्ताच करून घ्यावी. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील, तर बदललेल्या औषधाला मंजुरी लागेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला पुढच्या डोसच्या आधी विचारून ठेवावे.