करमरकरांचं खरं काम कुठलं? पुण्यातला ब्राँझचा घोडा की सासवन्याची सिमेंटची म्हैस?

खारावारा: परवा अलिबागजवळ सासवन्याला जाऊन आलो. शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर, आता तिथे त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. अंगणात सिमेंटची म्हैस आहे, आमचा पोरगा तिला लांबून वळसा घालून गेला, खोटी आहे सांगितलं तरी हात लावेना! मत लिहितो, शिव्या घाला हवं तर. पुण्यातल्या मिलिटरी स्कूलमधला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा भव्य आहे, वाद नाही, पण ते ऑर्डरचं काम. माणूस कळतो तो सासवन्यात.

ओतारी: ऑर्डरचं म्हणजे हलकं का? साहेब, साडेतेरा फुटी घोडा स्वारासकट एकसंध ओतलाय, तोही १९२८ साली. एवढा मोठा पुतळा एरवी तुकड्या-तुकड्यात ओततात, मग जोडायचे आणि सांधे घासून बुजवायचे. एकसंध म्हणजे धातूचा सगळा रस एकाच वेळी तयार पाहिजे, मध्ये हात थांबला की आधीचा थिजतो आणि तिथेच चीर पडते, हवा कोंडली तर आत पोकळी राहते, म्हणजे महिनोन्महिन्यांची मेहनत भंगारात. आमच्याकडे आजोबा पितळेच्या समया ओतायचे, एवढीशी समई बिघडली तरी दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत. आणि इथे वर सगळा भार घोड्याच्या पायांवर, हेही धरा.

खारावारा: मान्य, पण हे कौतुक ओतकामाचं झालं, शिल्पाचं कुठे? शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून पायाभरणी, १९२२ ला शाहू महाराज गेले, अनावरण १९२८ ला. संस्थानिक, गव्हर्नर, सगळ्यांच्या मानपानात शिल्पकाराला मोकळीक ती किती मिळणार? सासवन्याच्या कोळणीच्या शिल्पाकडे बघा, तिथे कोणाची परवानगी लागली नाही.

पायरीवरची: अहो पण सुरुवात विसरताय तुम्ही. लहानपणी गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी महाराजांचंच चित्र काढलं होतं ना, ते बघूनच कलेक्टर रॉथफील्डने मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकायची सोय केली. त्या पोराला तेव्हा कोणी ऑर्डर दिली होती? मला तर वाटतं भिंतीवरचाच घोडा पुढे ब्राँझचा झाला.

खारावारा: हे बरोबर लागलं 😄 यावर उत्तर नाही माझ्याकडे. तरी म्हशीवरून हटणार नाही.

ओतारी: नका हटू. पण घरी सिमेंटशी खेळायची ऐपत या ऑर्डरींनीच दिली असणार, हवेवर कोणाचं घर चालतं?

पायरीवरची: म्हैस विरुद्ध घोडा चालू द्या तुमचं. मी त्या पुतळ्यावरून आठ वर्षं ऑफिसला जातेय. कोणी केलाय हे विचारायचं डोक्यातच आलं नाही कधी, ऑफिसात आज चौघांना विचारलं, चौघांनीही उंची सांगितली, तीही वेगवेगळी.