फक्त वजन उचलणाऱ्यांसाठी जिम: यंत्रं नकोत, आरसेही नकोत. पटतंय का?

गोदामवाला, सांगली

सांगलीच्या वेशीबाहेर आमचं हळदीचं जुनं गोदाम आहे. १८०० चौरस फूट, वर पत्रा, खाली कोबा. हळद आता तिथे ठेवत नाही आणि गोदाम भाड्याने द्यायचं जिवावर येतं. तिथे वेटलिफ्टिंगची जिम काढायची ठरवलीय. हाताशी १५ लाख आहेत. माझं मत आधीच मांडतो: ट्रेडमिल नाही, केबलची यंत्रं नाहीत, आरसे नाहीत. निम्म्याहून जास्त पैसा जमीन, बार आणि प्लेटा यांतच घालायचा. उभं राहून वजन उचलायचे आणि आपटायचे ८ बाय ८ फुटांचे सहा प्लॅटफॉर्म करायचे.

एवढा हट्ट का, ते सांगतो. मी ११ वर्षं ज्या जिममध्ये जात होतो तिथे भिंतीवर पाटी होती, 'वजन आपटू नये, खडू वापरू नये'. स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायची उचल, चुकला की बार सोडून अंग काढून घ्यायचं, एवढीच सुरक्षित वाट असते. आपटायचंच नाही म्हटल्यावर माणूस चुकलेला बारही धरून ठेवतो. मी ८५ किलो असा धरून ठेवला आणि पुढचे आठ महिने माझा उजवा खांदा धड वर गेला नाही. खडूचंही तेच. घामाच्या हातातून बार निसटला तर जमीन थोडी पांढरी झालेली परवडली असती, असं वाटतं.

दुसरं, प्लेटा. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटेचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. आपल्याकडे नवख्या पोराला पाच-पाच किलोच्या लहान लोखंडी प्लेटा लावून देतात. बार पार घोट्याजवळ जातो, पोरगं कमरेत वाकून ओढतं आणि तीच ओढ अंगवळणी पडते. मग ती मोडायला वर्ष जातं. हलक्या पण पूर्ण व्यासाच्या प्लेटा घ्याव्यात, किंवा निदान लाकडी ठोकळ्यांवर बार ठेवून उंची जुळवावी.

आणि बार. २० किलो, २.२ मीटर लांब, मुठीत २८ मिलिमीटर. प्लेटा चढवायच्या टोकाच्या नळ्या गरागरा फिरायला हव्यात. क्लीनमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून खांद्यावर घेताना, कोपरं पुढे येतात त्या क्षणी नळी अडकली, तर प्लेटांचा सगळा पीळ मनगटात आणि कोपरात येतो. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅच आणि क्लीन-जर्क (बार खांद्यावर घेऊन मग डोक्यावर) मिळून २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण गेलं २४९ ला. जिथे एका किलोने पदकाचा रंग बदलतो, तिथे सराव मात्र २० किलो लिहिलेल्या पण काट्यावर साडेएकोणीस भरणाऱ्या प्लेटेवर करायचा, हे मला सहन होत नाही. म्हणून प्लेटा थोड्या घेईन, पण प्रत्येक काट्यावर घालून घेईन.

जिममालक, पिंपरी-चिंचवड

दादा, मनापासून सांगतो, तुमची जिम दीड वर्षात बंद पडेल. मी दोन जिम चालवतो. माझ्याकडे स्नॅच करणारी मुलं नऊ आहेत आणि त्यांतल्या चौघांची फी कायम मागे असते. घरची परिस्थिती मला माहीत आहे, म्हणून मी मागत नाही. सकाळी ट्रेडमिलवर चालायला येणाऱ्यांच्या फीवर माझं वीजबिल निघतं. माझा पहिला चांगला बारही त्याच पैशातून आला. ज्यांना तुम्ही दाराबाहेर ठेवताय, ती माणसंच तुमच्या लिफ्टरांना पोसणार आहेत.

आणि आरसे का नकोत? नव्या माणसाला आपली पाठ वाकलेली दिसायलाच हवी.

गोदामवाला, सांगली

भाडं नाही आणि कर्जही नाही, त्यामुळे तुमच्याइतकं ओझं माझ्यावर नाही, हे मान्य. पण ट्रेडमिल आली की तिच्यासाठी गाणी येतात, एसी येतो, आणि सहा महिन्यांत कोणीतरी म्हणतं, 'तो आपटायचा आवाज बंद करा'. मी हे दोन ठिकाणी घडताना पाहिलंय. जास्त फी देणाऱ्याचंच शेवटी चालतं.

आरशाबद्दल: आरशात समोरचं दिसतं. बार अंगापासून किती लांब गेला ते बाजूनेच कळतं. स्पर्धेत समोर आरसा नसतो, पंच आणि प्रेक्षक असतात. आरशावर सवय झालेल्या पोराची तिथे नजर कुठे ठेवायची इथूनच पंचाईत होते. उचल झाल्यावर बाजूने घेतलेला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवावा, तो पुरतो.

लाल माती, कोल्हापूर

मी कुस्तीतला, वेटलिफ्टिंगचं मला फार कळत नाही. वय ६७. पण जमिनीपासून सुरुवात करताय हे वाचून बरं वाटलं. आमच्या आखाड्यात मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती आधी मळली जायची, मग डाव. माती खणायचं काम पोरांचंच, आणि तोही व्यायामच. जमिनीची सेवा केल्याशिवाय तिच्यावर उभं राहायचं नाही, हे तालमीत न सांगता शिकायला मिळायचं.

पण पोरा, तुझ्या एवढ्या लांब लिहिण्यात वस्ताद कुठेच नाही. बार आला, प्लेट आली, मिलिमीटर आले. शिकवणार कोण? सहा प्लॅटफॉर्मवर सहा जण एकदम उचलायला लागले तर एका माणसाची नजर कुठे कुठे जाणार? आमच्याकडे एका वेळी एकच जोड लागायची, बाकीचे कडेला बसून बघायचे. बघून बघून अर्धा पैलवान तयार व्हायचा. माझं मत विचारशील तर प्लॅटफॉर्म कमी कर आणि तो पैसा वस्तादाच्या पगाराला ठेव.

एकोणपन्नास किलो, मनमाड

वरच्या काकांशी पूर्ण सहमत, पण माझी तक्रार वेगळी आहे. दादा, तुम्ही 'बार २० किलो, २८ मिलिमीटर' लिहिलंत आणि पुढे गेलात. आम्हा मुलींचा बार १५ किलोचा असतो. लांबी २.०१ मीटर, जाडी २५ मिलिमीटर. तुमच्या आदर्श जिममध्ये तो नाहीच.

तीन मिलिमीटरने काय होतं असं वाटेल. स्नॅचला आम्ही अंगठा बारभोवती घालून वरून दोन बोटांनी दाबतो. माझा तळहात लहान आहे. २८ च्या बारवर माझं मधलं बोट अंगठ्याच्या नखापर्यंत जेमतेम पोचतं, आणि दुसऱ्या ओढीला, म्हणजे बार मांडीपासून वर झटकताना, पकड सुटते. तीन वर्षं मला सगळे म्हणायचे, तुझी पकड कच्ची आहे, दोरी चढ, वर्तमानपत्र चुरगळ. मी सगळं केलं. मग एका शिबिरात पहिल्यांदा १५ चा बार हातात आला आणि त्याच दिवशी माझा स्नॅच चार किलोने वाढला. पकड कधी कच्ची नव्हतीच. त्या तीन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं.

मुलींचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलं ते २००० साली सिडनीला. त्याच वेळी कर्णम मल्लेश्वरींनी ६९ किलो गटात २४० किलो उचलून कांस्य आणलं. टोकियोत मीराबाई चानूंनी ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्य आणलं. या खेळात ऑलिंपिकची आपली दोन्ही पदकं मुलींची आहेत. तरी जिम काढताना पहिला बार मुलांचाच विकत घेतला जातो.

थ्री लिफ्ट, ठाणे

शीर्षकात 'वजन उचलणाऱ्यांसाठी' आणि आत सगळं स्नॅच-जर्कचं. आम्ही पॉवरलिफ्टिंगवाले काय उचलतो मग? आम्हाला स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट. तुमचा लवचीक बार जर्कला उसळतो म्हणून तुम्हाला आवडतो, पण तोच खांद्यावर २२० किलो घेऊन मागे दोन पावलं टाकलीत की झुलायला लागतो. आम्हाला २९ मिलिमीटरचा ताठ बार आणि त्यावर पकडीसाठी धारदार खाचा हव्यात. रबरी प्लेटा जाड असतात, वजन वाढलं की नळीवर जागा उरत नाही. बारीक लोखंडी प्लेटाच लागतात. आणि आडव्या सळ्या असलेला मजबूत रॅक हवा, कारण जड स्क्वॉट चुकला तर आम्ही बार पाठीवरून सोडून देत नाही.

गोदामवाला, सांगली

स्क्वॉट आम्हालाही रोज लागतो, त्यामुळे सळ्यांचे दोन रॅक आणि एक बेंच ठेवतो. पण ताठ बार आणि लोखंडी प्लेटांचा वेगळा संच पहिल्या वर्षी घेणार नाही. १५ लाखांत दोन खेळ बसवले तर दोन्ही अर्धवट राहतील. तुम्हाला हे कोतं वाटेल, तरी माझा निर्णय हाच.

मनमाडच्या ताई, तुमचं वाचून गप्प झालो. माझी धाकटी बहीण दोन वर्षं २० च्या बारवर सराव करून थांबली. आम्हाला वाटायचं तिला आवड राहिली नाही. तिला आज हे वाचायला दिलं.

काँक्रीटवाला, नाशिक

सिव्हिल इंजिनिअर आहे, फक्त कोब्याबद्दल बोलतो. हळदीच्या पोत्यांचं वजन कोबा सहन करतो म्हणून तो आपटलेलं वजनही सहन करेल, हा हिशेब चुकीचा आहे. पोती स्थिर असतात. डोक्यावरून सोडलेले १३० किलो दोन प्लेटांच्या अरुंद कडांवर एका क्षणात आदळतात. जुन्या गोदामात बहुतेक वेळा मुरमावर तीन-चार इंच कोबा असतो, आत जाळी नसते. आधी तडे जातील, मग खालचा मुरूम बसेल, आणि प्लॅटफॉर्म एका कोपऱ्यात खचेल. लिफ्टरच्या टाचेखाली पाच मिलिमीटरचा उतार आला तर काय होतं ते तुम्हालाच जास्त माहीत.

प्लॅटफॉर्मच्या जागी कोबा फोडा. खालचा भराव पाणी मारून नीट धुमसून घ्या, मग जाळी टाकून १५० मिलिमीटर काँक्रीट करा. ही लादी भिंतीच्या पायाला चिकटू देऊ नका, मधे सांधा सोडा, म्हणजे हादरा भिंतीत जाणार नाही आणि शेजाऱ्याची भांडी वाजणार नाहीत. वर १८ मिलिमीटरचे प्लायवूडचे दोन थर, एक उभा एक आडवा. मग मधे चार फूट लाकूड, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट रबर. पायाखाली रबर कधीच नको, ते दबतं.

आणखी एक. ८ फूट म्हणजे २.४४ मीटर. बार २.२ मीटर. दोन्ही बाजूंना जेमतेम १२ सेंटिमीटर उरतात. दोन प्लॅटफॉर्म चिकटवून ठेवलेत तर शेजारच्याच्या नडगीवर प्लेट उसळेल. मधे निदान एक मीटर सोडा. १८०० फुटांत रॅक आणि बेंच धरून सहा कोंबता येतील, पण मी कोंबणार नाही.

जिममालक, पिंपरी-चिंचवड

इंजिनिअर साहेबांनी सांगितलेला खर्च धरा, वस्तादांचा पगार धरा, आणि मग पुन्हा सांगा ट्रेडमिल नको म्हणून. मी तुमच्या विरोधात नाही. माझ्या त्या नऊ मुलांना अशी जागा मिळाली तर मी स्वतः गाडीने आणून सोडेन. पण ती जागा तीन वर्षांनीही उघडी असायला हवी.

गोदामवाला, सांगली

काल रात्री बसून पुन्हा आखलं. सहाचे चार प्लॅटफॉर्म केले. दोन वाचले, त्यात काँक्रीट आणि वर्षभराचा वस्तादांचा पगार निघतो. कडेला भिंतीलगत लांब बाकडं, बसून बघणाऱ्यांसाठी. काका, ते तुमचं. पुरुषांचे तीन बार, मुलींचे दोन. पत्र्यावर वारा खेचणारे फिरते पंखे, कारण एप्रिलमध्ये आत उभं राहवत नाही. ट्रेडमिल अजूनही नाही. मालक, त्याऐवजी सकाळी १० ते ४ जागा रिकामी असते, तेव्हा शाळांच्या मुलांचे वर्ग घेऊन बघतो. तेही नाही जमलं तर पुन्हा इथेच येऊन विचारेन.

एकोणपन्नास किलो, मनमाड

दोन बार वाचून खूप बरं वाटलं. आता दोन प्रश्न, रागावू नका. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का? आणि मुख्य रस्त्यापासून गोदामापर्यंत दिवे आहेत का? आमचा सराव पहाटे साडेपाचला असतो. हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो, आणि घरचे पहिल्यांदा तेच विचारतात.

गोदामवाला, सांगली

खोलीच नव्हती आराखड्यात. उद्या सुतार येतोय, त्याला कडीसकट सांगतो. रस्त्याला दिवा नाही, शेवटचे दोनशे मीटर पूर्ण अंधार आहे. सोमवारी ग्रामपंचायतीत अर्ज देतो, आणि तोवर गोदामाच्या फाटकावर माझ्या खर्चाने एक लावतो.