मदत हवी आहे : सातव्या महिन्यात पायांना सूज, आणि आई पाणी पिऊ देईना

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी, देवगडला आलीय. पहिलटकरीण, सातवा लागलाय. संध्याकाळी घोटे सुजतात, बोटाने दाबलं की खळगा राहतो. रात्री उशीवर पाय ठेवून झोपली की सकाळी बरंच उतरलेलं असतं. बीपी ११०/७०, लघवीची तपासणी ठीक. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, एवढं चालतं. तोंड-हात सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बीपी १४०/९० च्या वर गेलं तर मात्र लगेच या.

ते कळलं. अडचण आईची आहे. सूज म्हणजे अंगात पाणी, म्हणून पाणी कमी पी, मीठ बंद! या घामट उकाड्यात? त्यात लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ झालंय. शी काळी होते म्हणूनही आई घाबरली (ती गोळीमुळेच होते, पण ऐकतंय कोण).

तर, बद्धकोष्ठावर तुमच्याकडे जेवणात काय बदललंत? लोहाची गोळी नेमकी कधी दिलीत, कॅल्शियमपासून किती अंतराने? इथे कोणी नर्स किंवा आशाताई असतील तर आईला वाचून दाखवता येईल असं चार ओळींत लिहा ना. माझं ती ऐकणार नाही.