शब्दचर्चा : एफटीपीचा दुवा ‘उघडत नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : एका जुन्या विदासंग्रहाचं मदतपान मराठीत लिहिते आहे. ‘फाइल हस्तांतरणासाठी खालील दुवा ब्राउझरमध्ये उघडा’ असं वाक्य आहे. दुवा एफटीपीचा, म्हणजे संगणकांमध्ये फायली नेण्या-आणण्याच्या जुन्या पद्धतीचा आहे. हल्ली त्यावर क्लिक केलं तर काहीच होत नाही, नाहीतर भलताच प्रोग्रॅम सुरू करायची परवानगी मागितली जाते. मग ‘उघडा’ लिहावं का?

उत्तर : पूर्वी ‘उघडा’ बरोबर होतं, कारण ब्राउझर स्वतः सर्व्हरशी बोलून फायलींची यादी टॅबमध्येच दाखवायचा. क्रोमने २०२१ च्या जानेवारीत, ८८व्या आवृत्तीत ही सोय बंद केली. फायरफॉक्सने त्याच वर्षी जुलैत, ९०व्या आवृत्तीत ती काढूनच टाकली. साध्या एफटीपीत पासवर्डसुद्धा उघड्यावर जातो, त्यामुळे हा निर्णय मला योग्यच वाटतो.

आता ब्राउझर दुवा दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. तो प्रोग्रॅम ठरलेला नसेल तर क्लिक वाया जातं. मदतपानावर ‘सोपवतो’ हेच क्रियापद वापरा आणि पुढची पायरी सांगा: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये जाऊन लिंकच्या प्रकारांतल्या एफटीपीसमोर हवा तो प्रोग्रॅम निवडायचा. यादीत तो दिसतच नसेल तर आधी त्या प्रोग्रॅमची स्वतःची सेटिंग्ज तपासायची. विनएससीपी या फायली नेण्या-आणण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘इंटिग्रेशन’खाली अशी नोंद करायची सोय आहे.

आणखी एक उत्तर : ‘उघडत नाही’ या दोन शब्दांत निराळे बिघाड एकत्र कोंबले जातात, आणि मदत करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. लॉगिन होतं, स्वागताचा मजकूरही येतो आणि मग सगळं थिजतं, असं असेल तर ‘जोडणी लागते, पण यादी येत नाही’ असं लिहा. एफटीपीत आज्ञा सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवरून (जोडणीच्या क्रमांकित दारातून) जातात. फायलींची यादी आणि फायली यांच्यासाठी मात्र वेगळी जोडणी लागते. ॲक्टिव्ह मोडमध्ये ती सर्व्हर तुमच्या दिशेने करू पाहतो आणि वाटेतली फायरवॉल त्याला अडवते. पॅसिव्ह मोडमध्ये दुसरी जोडणीही तुमच्याच बाजूने होते, म्हणून बहुतेक वेळा एवढा बदल पुरतो.

‘हस्तांतरण’ही मला खटकतं. जमीन हस्तांतरित झाली की पहिल्या मालकाचा हक्क जातो; इथे मूळ फाइल जागच्या जागी राहते. अभय भूषण यांनी १९७१ मध्ये एफटीपीच्या नियमावलीचा पहिला मसुदा लिहिला, त्यातही काम हेच होतं: दूरच्या यंत्रावरची फाइल आणणं, आपली तिकडे ठेवणं. ‘फायली उतरवण्यासाठी’ पुरे.

प्रश्नकर्ती : आणि एसएफटीपीला ‘सुरक्षित एफटीपी’ म्हटलं तर?

उत्तर : नको. एसएफटीपी एसएसएचवर (दूरच्या यंत्राशी सांकेतिक, सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीवर) चालतं, सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवर. एफटीपीशी त्याचं नातं नावापुरतं. एफटीपीएस म्हणजे तेच जुनं एफटीपी, टीएलएसच्या, म्हणजे जोडणीतला मजकूर सांकेतिक करणाऱ्या पद्धतीच्या आवरणात. दोन्हींना एकच मराठी नाव दिलंत तर वाचक चुकीचा पर्याय निवडेल आणि जोडणी लागणार नाही. मूळ नावंच देवनागरीत ठेवा.

दुव्यात पासवर्ड लिहून देऊ नका, तो ब्राउझरच्या इतिहासात राहू शकतो. वापरकर्तानावात ‘@’ असेल तर दुव्यात त्याच्या जागी ‘%४०’ लागतं. ते अंक रोमन लिपीतच टंकायचे, हेही मदतपानावर आवर्जून लिहा.