मदत हवी आहे: डेक्कन क्वीनच्या १:८७ प्रमाणातील डब्यांत न लुकलुकणारे दिवे आणि चाकांशी जुळणारा आवाज

सर्वांना नमस्कार.

पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचे, म्हणजेच आपण ज्यांना आयसीएफ म्हणतो ते डबे घेऊन डेक्कन क्वीनची सहा डब्यांची छोटी प्रतिकृती मी १:८७ प्रमाणात तयार करीत आहे. २२ जून २०२२ पासून ही गाडी एलएचबी या नव्या बनावटीच्या डब्यांनी धावू लागली. मला त्याआधीची, निळ्या-पांढऱ्या रंगाची आणि लाल पट्ट्याची गाडी उभी करायची आहे, कारण माझ्या पिढीतील पुणेकरांनी जिच्यातून प्रवास केला ती गाडी तीच. रंगकाम, बिनवातानुकूलित डब्यांच्या खिडक्यांचे आडवे गज, आतील खुर्च्या आणि जेवणाच्या डब्यातील मेजे एवढे काम पूर्ण झाले असून आता दिवे आणि आवाज या दोन गोष्टींसाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

दिव्यांचा आग्रह धरण्याचे कारण असे की, मुंबईहून संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी सुटणारी ही गाडी हिवाळ्यात घाटात शिरते तेव्हा काळोख पडलेला असतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला डब्यांपेक्षा उजळलेल्या खिडक्यांची रांगच आधी दिसते. माझ्या मांडणीत कर्जत ते खंडाळा हा भाग आहे आणि घाटाचा ३७ला १ हा चढ मी तसाच ठेवला आहे. रुळांत डीसीसी पद्धतीने (रुळांतून सतत वीज आणि तिच्यासोबतच इंजिनासाठी अंकीय आज्ञा पाठवण्याची पद्धत) सुमारे १५ व्होल्ट असतात, त्यामुळे गाडी उभी असतानाही डब्यांना वीज मिळते.

पहिला प्रश्न दिव्यांच्या लुकलुकण्याचा आहे. प्रत्येक डब्याच्या छताला आतून १२ व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी २० सेंटिमीटर लांबीची बसवली आहे. एका बोगीच्या, म्हणजे डब्याखालील चार चाकांच्या सांगाड्याच्या, चाकांवर टेकणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्यांतून वीज घेऊन ती ब्रिज रेक्टिफायर (वीज एका दिशेची करणारा भाग) आणि १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पट्टीला दिली आहे. सांधेबदलावरून, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतात तिथून, गाडी जाताना दिवे स्पष्टपणे विझून पुन्हा पेटतात. दोन्ही बोगींच्या आठही चाकांवरून वीज घेतली तर हा दोष कमी होईल हे मला ठाऊक आहे, परंतु तेवढ्या घर्षणासह सहा डबे घेऊन इंजिन या चढावर टिकाव धरील असे मला वाटत नाही. मोठे कपॅसिटर बसवावेत, तर सर्व डबे एकदम भारित होताना रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरचे संरक्षण वीज तोडील अशी शंका आहे.

दुसरा प्रश्न आवाजाचा आहे. इंजिनात डीसीसीच्या आज्ञा वाचून आवाज काढणारा डिकोडर आहेच, पण डब्यांचा आवाज डब्यांतूनच यावा असे मला मनापासून वाटते. रुळांच्या सांध्यांवरील जोडठोका आणि जेवणाच्या डब्यातील कपबशांचा व माणसांचा मंद गलका, एवढे दोनच आवाज पुरेसे आहेत. मुख्य मार्गांवर आता जोडून लांब केलेले रूळ असल्यामुळे सांध्यांचा ठोका पूर्वीसारखा ऐकू येत नाही, म्हणून तो प्रतिकृतीत जपावा ही इच्छा अधिकच प्रबळ आहे. डीएफप्लेअर मिनी हे मेमरी कार्डावरून आवाज वाजवणारे छोटे मॉड्यूल वापरण्याचा विचार आहे. त्यावर ठोका चाकांच्या गतीशी जुळवता येईल काय? आणि वीज क्षणभर खंडित झाली, तर आवाज तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ नये यासाठी काय करावे?

तिसरा प्रश्न लहान आहे. डब्याच्या प्लॅस्टिकच्या भिंतींमधून आणि छताच्या फटीतून प्रकाश पाझरतो, तो कसा रोखावा?

प्रतिसाद १

आपण घाटाचा चढ कमी न करता तसाच ठेवला हे वाचून फार आनंद झाला. तोच चढ आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही ठरवतो, कारण घर्षण वाढवणारा कोणताही उपाय इथे चालणार नाही.

माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग असा आहे की, प्रत्येक डब्यात फक्त एकाच बोगीवरून वीज घ्यावी, प्रत्येक डब्यात स्वतंत्र ब्रिज रेक्टिफायर ठेवावा आणि रेक्टिफायरनंतरच्या धन व ऋण अशा दोन तारा सहाही डब्यांत सलग फिरवाव्यात. म्हणजे कोणत्याही एका डब्याची चाके रुळाला नीट टेकली असली तरी संपूर्ण गाडीला वीज मिळते, आणि सहा डब्यांची चाके एकाच क्षणी संपर्क सोडतील ही शक्यता उरत नाही. ही जोडणी रेक्टिफायरच्या आधी, म्हणजे चाकांकडील बाजूला मात्र कधीही करू नये. गाडी जेव्हा दोन विभागांमधल्या तोडलेल्या रुळांवर उभी राहील, तेव्हा डब्यांतील तारा ते विभाग एकमेकांना जोडून टाकतील आणि विभाग वेगळे ठेवण्याचा हेतूच नष्ट होईल. दोन डब्यांमधील तारा डबे जोडणाऱ्या घडीच्या भात्याच्या आतून नेल्या म्हणजे दिसत नाहीत. त्यांना उलटा न बसणारा दोन टोकांचा बारीक जोड लावावा आणि वळणावर ताण येणार नाही एवढी तार सैल ठेवावी. आयसीएफ डबा बफरपासून बफरपर्यंत २२.२९७ मीटर, म्हणजे आपल्या प्रमाणात २५६ मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे घट्ट वळणावर दोन डब्यांच्या कोपऱ्यांमधले अंतर बरेच बदलते.

आता कपॅसिटर. १०० मायक्रोफॅरड कमी पडतात, परंतु त्याहून मोठा दोष असा असावा की पट्टी गरजेपेक्षा फार जास्त वीज घेत आहे. ही पट्टी पाच सेंटिमीटरच्या तुकड्यांची असते. प्रत्येक तुकड्यात तीन एलईडी आणि एक रेझिस्टर एका ओळीत असतात आणि १२ व्होल्टला प्रत्येक तुकडा सुमारे २० मिलिअँपिअर घेतो. चार तुकड्यांचे ८० मिलिअँपिअर झाले, आणि १:८७ च्या डब्यात तेवढा उजेड डोळ्यांना खुपतो. प्रत्येक तुकड्याला दोन मिलिअँपिअर पुरेसे आहेत. रेक्टिफायरनंतर आपल्याकडे सुमारे १३.६ व्होल्ट उरतात, म्हणून पट्टीच्या ओळीत ६८० ओहमचा रेझिस्टर घातला की एकूण प्रवाह आठ मिलिअँपिअरच्या आसपास येतो. अशा मांडणीत १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावला, तर वीज पूर्ण तुटल्यावरही प्रवाह निम्म्यावर येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो, आणि सांधेबदल ओलांडायला तेवढा अवधी पुरतो.

बूस्टरविषयीची आपली शंका योग्य आहे. त्यावरील सर्वमान्य उपाय म्हणजे कपॅसिटरच्या ओळीत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्या रेझिस्टरला समांतर एक १एन४००७ डायोड, असा जोडणे की भारित होतानाचा प्रवाह रेझिस्टरमधून जाईल आणि वीज गेल्यावर कपॅसिटरमधून परत येणारा प्रवाह डायोडमधून अडथळ्याशिवाय बाहेर पडेल. त्यामुळे सुरुवातीचा झटका एका डब्यामागे सुमारे १३६ मिलिअँपिअर एवढाच राहतो. प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डिकोडरची मांडणी वाचण्या-बदलण्यासाठी ठेवलेल्या, रुळावर मात्र हे डबे कधीही उभे करू नयेत. त्या रुळावर प्रवाह मुद्दामच मर्यादित ठेवलेला असतो आणि भरणारे कपॅसिटर इंजिनाच्या डिकोडरचे उत्तर वाचू देत नाहीत.

प्रतिसाद २

आवाजाविषयी लिहितो, कारण हा विषय मला अतिशय प्रिय आहे.

डीएफप्लेअर मिनी हे मॉड्यूल पार्श्वभूमीच्या आवाजासाठी उत्तम आहे. जेवणाच्या डब्यातील गलका त्यावरून सलग वाजत ठेवावा. सांध्यांच्या ठोक्यासाठी मात्र ते उपयोगाचे नाही, कारण आज्ञा दिल्यापासून आवाज सुरू होईपर्यंत जाणवण्याइतका आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळा विलंब होतो. ठोका मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतीत साठवून तिथूनच थेट अ‍ॅम्प्लिफायरला द्यावा लागतो. रास्पबेरी पाय पिकोचा बोर्ड ५१ मिलिमीटर लांब आणि २१ मिलिमीटर रुंद असतो. त्याच्यासोबत मॅक्स९८३५७ए हा छोटा अ‍ॅम्प्लिफायर जेवणाच्या डब्याच्या स्वयंपाकघराच्या भागात सहज बसतो, आणि तो भाग बाहेरून फारसा दिसतही नाही.

आता ठोका जुळवण्याचे गणित पाहा. आपल्याकडे पूर्वी सांधे १३ मीटरवर असत, म्हणजे १:८७ मध्ये सुमारे १४९ मिलिमीटरवर. आयसीएफ डब्याचे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे प्रतिकृतीत साडेदहा मिलिमीटरचे, आणि त्याचा परीघ ३३ मिलिमीटर होतो. एका आसावर समोरासमोर दोन बारीक चुंबके बसवून बोगीच्या वर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर ठेवला, तर चाकाच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला, म्हणजे दर साडेसोळा मिलिमीटरला एक स्पंदन मिळते. अशी नऊ स्पंदने म्हणजे १४८.५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नेमके एका रुळाचे अंतर. बोगीच्या दोन आसांमधील अंतर २८९६ मिलिमीटर, म्हणजे आपल्या प्रमाणात ३३.३ मिलिमीटर असते. म्हणून जोडठोक्यातील दुसरा ठोका पहिल्यानंतर बरोबर दोन स्पंदनांनी येतो. शून्याव्या स्पंदनाला एक, दुसऱ्याला एक, मग नवव्यापर्यंत शांतता, आणि पुन्हा तेच, एवढाच नियम लिहायचा आहे. गाडीचा वेग कितीही असो, ताल खऱ्या गाडीसारखाच राहतो, आणि घाटात गाडी मंदावली की ठोकेही आपोआप विरळ होतात. तयार सलग ध्वनिमुद्रणाने हे साधत नाही, म्हणून थोडे अधिक श्रम पडले तरी हाच मार्ग घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ए३१४४ हा हॉल सेन्सर चुंबकाच्या दक्षिण ध्रुवालाच प्रतिसाद देतो, त्यामुळे दोन्ही चुंबकांचा दक्षिण ध्रुव बाहेरच्या बाजूला असल्याची खात्री करावी.

ध्वनिक्षेपक ११ गुणिले १५ मिलिमीटरचा आठ ओहमचा घ्यावा आणि तो सर्व बाजूंनी हवाबंद पेटीत बसवावा. पेटी नसली तर पडद्याच्या पुढची आणि मागची ध्वनिलहर एकमेकींना मारून टाकतात आणि आवाज पत्र्यासारखा पातळ होतो. एवढ्या लहान ध्वनिक्षेपकातून खर्जाचा भाग येतच नाही, म्हणून ध्वनिमुद्रण संपादित करताना ३०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकावा. मग उरलेला धातूचा टणत्कार मोठा आणि स्वच्छ ऐकू येतो.

वीज खंडित होण्याबाबत सांगायचे तर, प्रतिसाद १ मधील दोन सलग तारा असतील तर निम्मी अडचण तिथेच संपते. तरीही आवाजाच्या डब्यात १००० मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर समांतर जोडून त्यांच्यापुढे पाच व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर ठेवावा. या सर्व मंडलाला पाच व्होल्टला सरासरी १५० मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर ते कपॅसिटर सुमारे पाव ते एक तृतीयांश सेकंद धीर धरतात. साधा व्होल्टेज रेग्युलेटर वापरला, तर उरलेले व्होल्ट उष्णतेत वाया जातात आणि ती उष्णता बंद डब्यात नको आहे.

प्रतिसाद ३

प्रकाश पाझरण्यासंबंधी थोडक्यात लिहितो. डब्याच्या आतील भिंतींना आणि छताला आधी काळ्या रंगाचा एक हात द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर त्यावर पांढरा किंवा फिकट हिरवट रंग द्यावा. काळा थर प्रकाश अडवतो आणि पांढरा तो आत परतवतो. छताच्या फटीसाठी कडेला काळ्या कागदाची अरुंद पट्टी आतून चिकटवली की पुरते, आणि छत पुन्हा उघडताही येते. एलईडीचे ठिपके वेगवेगळे दिसू नयेत म्हणून पट्टीखाली ट्रेसिंग कागद ताणून लावावा. ज्या काळाची गाडी आपण करीत आहात त्या काळी डब्यांत ट्यूबलाइट असत, म्हणून पिवळसर एलईडी न घेता ४००० ते ४५०० केल्विनच्या घ्याव्यात. एलईडी पट्ट्या आणि हॉल सेन्सर पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

एक आठवण करून द्यावीशी वाटते. शेवटच्या डब्याला एल.व्ही. (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) लिहिलेला फलक आणि लुकलुकणारा लाल दिवा हवा. तो स्वतःहून लुकलुकणाऱ्या लाल एलईडीने होतो आणि त्याला सलग तारांतूनच वीज देता येते.

धागाकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. प्रतिसाद १ प्रमाणे रेक्टिफायरनंतरच्या दोन तारा फिरवण्याचे ठरवले आहे आणि नऊ स्पंदनांचा हिशेब कागदावर पुन्हा मांडून पाहिला, तो तंतोतंत जुळतो.

आता एकच शंका उरते. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी, इंजिने लागतात आणि माझ्या मांडणीतही ती लागणार आहेत. शेवटच्या डब्याच्या मागे इंजिन लागले की त्या डब्यावरील लाल दिवा बंद असायला हवा. दिव्याच्या वाटेत हाताने बंद-चालू करण्याचा बारीक स्विच ठेवावा, की बँकरच्या कपलिंगला चुंबक लावून डब्यातील रीड स्विचने (चुंबकाने चालणारा स्विच) तो आपोआप विझवावा? दुसरी रीत मला अधिक आवडते, परंतु बोगीवरील हॉल सेन्सर त्याच डब्यात असल्यास त्या चुंबकाचा त्याला अडथळा होईल काय, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद २

रीड स्विचच घ्यावा. आवाजाचा डबा म्हणजे जेवणाचा डबा, आणि तो गाडीच्या शेवटी ठेवू नये, म्हणजे चुंबक आणि सेन्सर यांच्यामध्ये किमान एक पूर्ण डबा राहील. एवढ्या अंतरावर कपलिंगच्या लहान चुंबकाचा परिणाम सेन्सरपर्यंत पोहोचत नाही. रीड स्विच मात्र एरवी जोडलेला राहणारा, म्हणजे चुंबक जवळ आल्यावरच वीज तोडणारा पाहून घ्यावा. तो न मिळाल्यास दोन्ही जोड देणारा तीन टोकांचा घ्यावा.