बोमन आणि "चांगली टीम मिळाली" हा मुद्दा

एकांनी लिहिलंय की आइस हॉकीचा कोच स्कॉटी बोमन याला मॉन्ट्रियलच्या टीममध्ये लाफ्लर, ड्रायडन असे खेळाडू आयतेच मिळाले, कुणीही जिंकला असता. मला हे अजिबात पटत नाही. १९७६-७७ च्या सीझनमध्ये ८० पैकी फक्त ८ मॅच हरणं हे नुसत्या टॅलेंटने होत नाही हो, जिंकायची सवय झालेल्या टीमला रोज भुकेलं ठेवणं हेच तर कोचचं खरं काम.

आणि समजा मॉन्ट्रियलच्या ५ स्टॅनली कप (एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगची ट्रॉफी) बाजूला ठेवल्या, तरी नंतर त्याने कोच केलेल्या डेट्रॉइटचं काय? १९५५ नंतर तिथे कप आलीच नव्हती. कॅप्टन यझरमन म्हणजे १९८८-८९ मध्ये १५५ पॉइंट्स (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) काढलेला माणूस, त्याला बोमनने आधी डिफेन्स सांभाळायला लावलं, त्याचे गोल कमी झाले पण टीम १९९७ आणि ९८ ला लागोपाठ कप जिंकली आणि २००० मध्ये त्याच यझरमनला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह फॉरवर्डची सेल्के ट्रॉफी मिळाली! शिवाय पाच रशियन खेळाडू एकत्र बर्फावर उतरवले ते १९९५ मध्ये, एनएचएलमध्ये तेव्हा असं कुणी केलं नव्हतं, आणि त्यांना त्यांच्याच पासिंगच्या पद्धतीने खेळू दिलं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

मधे १९९२ ला पिट्सबर्गची कप, तीही आधीचे कोच बॉब जॉन्सन गंभीर आजारी पडल्यावर टीम हातात घेऊन. एकूण ९ झाल्या, मॉन्ट्रियलचा जुना कोच टो ब्लेकच्या ८ होत्या. २००२ ला डेट्रॉइटबरोबर नववी जिंकल्यावर स्केट्स घालून कप हातात घेऊन बर्फावर फिरला तो, तेव्हा ६८ वर्षांचा होता. ते दृश्य आठवलं की अजून भरून येतं.