कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला व्हेरियंट (विषाणूचा बदललेला प्रकार) विदर्भात आधी का दिसला?

अचलपूरकर:
फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या अमरावती जिल्ह्यात रुग्ण झपाट्याने वाढले आणि २२ तारखेला शहरात पुन्हा टाळेबंदी लागली. मुंबईतला दुसऱ्या लाटेचा कडेलोट त्यानंतर, एप्रिलच्या सुरुवातीला झाला. त्याच काळात पंजाबात मात्र ब्रिटनमधून आलेला अल्फा हा व्हेरियंट पसरत होता. एकाच देशात, एकाच वेळी, दोन ठिकाणी दोन वेगळे व्हेरियंट वरचढ कसे ठरतात? आणि पुढे ओमायक्रॉनने मुंबईलाच आधी का गाठले? त्या एप्रिलमध्ये माझे काका गेले, तेव्हापासून हा प्रश्न मनातून हटत नाही.

वैद्यक_विद्यार्थिनी:
पहिले कारण म्हणजे विषाणू कोणत्या दाराने आत शिरला. पंजाबातील असंख्य कुटुंबांचे नातेवाईक ब्रिटनमध्ये आहेत. तिकडची विमाने डिसेंबर २०२० च्या अखेरीस थांबवण्यात आली, पण तोवर अल्फा देशात पोहोचला होता, आणि मार्चमध्ये पंजाबातून तपासलेल्या ४०१ नमुन्यांपैकी ८१ टक्क्यांत तोच सापडला. ओमायक्रॉनही विमानानेच आला. राज्यातला पहिला रुग्ण ४ डिसेंबर २०२१ रोजी डोंबिवलीत आढळला आणि ७ जानेवारीला एकट्या मुंबईत सुमारे २१ हजार नवे रुग्ण नोंदले गेले.
दुसरे कारण आधीच्या संसर्गाचे. जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणात मुंबईच्या तीन वॉर्डांतील झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे आधीच्या संसर्गाची खूण, होती, इतर वस्तीत १६ टक्के. जिथे असे लोक कमी, तिथे नव्या लाटेला वाव अधिक.

नमुना_ते_जनुकक्रम:
पहिले कारण पूर्ण पटते, दुसरे अर्धेच. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीत निम्म्याहून अधिक लोकांत प्रतिपिंडे होती, तरीही एप्रिलमध्ये तिथे हाहाकार उडाला, कारण मार्चमध्ये पसरत असलेल्या अल्फाला डेल्टा या दुसऱ्या व्हेरियंटने काही आठवड्यांत बाजूला सारले आणि आधी कोरोना होऊन गेलेल्यांनाही तो गाठत होता.
‘विदर्भातला व्हेरियंट’ हा शब्दप्रयोगही जपून करावा लागतो. महाराष्ट्रात सुरुवातीला बी.१.६१७.१, म्हणजे पुढे कप्पा नाव मिळालेले डेल्टाचे भावंड, अधिक दिसत होते. डेल्टा मागून येऊन सगळ्यांच्या पुढे गेला. २४ मार्चला केंद्राने राज्यातील १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर ही, या कुळाची खूण मानली गेलेली, उत्परिवर्तने (विषाणूच्या जनुकांतील बदल) असल्याचे जाहीर केले, तेव्हा अमरावतीची टाळेबंदी लागून महिना उलटला होता.
हा उशीर कामाच्या स्वरूपातच असतो. रुग्णाचा नमुना ठेवलेली गुलाबी द्रावणाची कुपी बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत येते. सीटी मूल्य (चाचणीच्या किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला तो आकडा; तो लहान, तर विषाणू जास्त) साधारण २५ च्या आत असेल, म्हणजे विषाणू भरपूर असेल, तरच जनुकक्रम, म्हणजे व्हेरियंट ओळखून देणारी विषाणूच्या जनुकांची मांडणी, नीट वाचता येतो. त्यामुळे नकाशावर व्हेरियंट जिथे आधी दिसतो, तिथेच तो आधी पोहोचला असे म्हणता येत नाही. कधी कधी तिथून नमुने आधी आलेले असतात, एवढाच त्याचा अर्थ.

अचलपूरकर:
दोघांचेही मनापासून आभार. काकांच्या अहवालाचा कागद आम्ही जपून ठेवला आहे, त्यावर सीटी १७ लिहिले आहे. तो नमुना पुढे तपासायला गेला असेल का?

नमुना_ते_जनुकक्रम:
सीटी १७ म्हणजे जनुकक्रमासाठी उत्तम नमुना, पण बाधितांपैकी थोडेच नमुने पुढे पाठवले जात असत. तारीख एप्रिलची असेल, तर तो डेल्टा असण्याची शक्यता बरीच आहे. तो नमुना वाचला गेला नसेल, तर याहून अधिक खात्रीने आता कोणीही सांगू शकणार नाही.